पोटाच्या संसर्गातले जंतू कोणत्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, याची नोंदवही सुरू करताय?

ताई, आधी ई. कोलाय आणि क्लेब्सिएला, हे दोनच जंतू धरा.

- नमुना ऑपरेशनच्या वेळचाच मागा. जुन्या ड्रेनमधला (पोटातला स्राव बाहेर काढायला ठेवलेल्या नळीतला) पू बहुतेकदा नळीतच वाढलेले जंतू दाखवतो. सर्जनना हे परत परत सांगावं लागतं, कंटाळू नका.
- एका रुग्णाचा, एका प्रजातीचा वर्षातला पहिलाच आयसोलेट (नमुन्यातून वाढवून वेगळा केलेला जंतू) मोजा. नाहीतर आयसीयूतला एकच पेशंट दाद न देणाऱ्या जंतूंची अख्खी टक्केवारी फिरवतो. नवख्यांचं इथेच चुकतं.
- ३० पेक्षा कमी आयसोलेटवर टक्केवारी नको.
- डिस्क (अँटिबायोटिक लावलेल्या कागदी चकत्या) फ्रीजमध्येच. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात लाइट गेली की त्यांचा भरवसा नाही, म्हणून एटीसीसी २५९२२ (तपासणीसाठीचा ठरलेला ई. कोलाय) लावून झोन (चकतीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) नियमित तपासा.

ईएसबीएल (अँटिबायोटिक तोडणारी जंतूंची एन्झाइम), जनुकं वगैरे नंतर बघू. या नोंदी ठेवायचं व्होनेट (WHONET) सॉफ्टवेअर मात्र आजच उतरवून घ्या, फुकट आहे.