स्वतः रंगवायच्या टॅरो पत्त्यांसाठी कोणते रंग वापरावेत?
टॅरो म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरले जाणारे चित्रांचे पत्ते; त्यांचा नुसत्या काळ्या रेषांत छापलेला ७८ पत्त्यांचा संच रंगवायला घेताना आधी कागद पाहावा, कारण गुळगुळीत लेपाच्या पत्त्यावर रंगीत पेन्सिल घसरते आणि मार्करची शाई पाठीमागे उमटली, तर पत्ता पालथा असूनही ओळखू येतो, मग पिसण्यात अर्थच उरत नाही. लेप नसलेल्या कागदावर पेन्सिलीचे पातळ थर छान बसतात. पॉल फॉस्टर केस यांनी स्थापन केलेल्या 'बिल्डर्स ऑफ द अ‍ॅडिटम' या गूढविद्येच्या संस्थेत पत्ते स्वतः रंगवणे हा अभ्यासाचाच भाग असून रंगही ठरवून दिलेले असतात. तसे बंधन नसेल, तर २२ मुख्य पत्ते आधी घ्यावेत. उरलेले ५६ पत्ते चार गटांत विभागलेले असतात; त्यांतल्या (माझ्या मते) एकेका गटाला एक प्रधान रंग पुरतो.