चित्रकार किंवा डिझायनरने स्वतःच्या कामाची प्रसिद्धी कशी करावी?

आधी पोर्टफोलिओ निवडून-पाखडून घ्या. पुढे जसं काम मिळावंसं वाटतं तसंच त्यात ठेवा. लोगो करायचे नसतील तर जुने लोगो कितीही देखणे असले तरी काढाच, कारण लोक जे दिसतं तेच मागतात. दहा-पंधरा नमुने पुरेत.

प्रत्येक नमुन्यासोबत थोडं लिहा. पुस्तकाचं मुखपृष्ठ असेल तर पहिलं कच्चं रेखाटन, बाद झालेला पर्याय आणि अंतिम चित्र शेजारी-शेजारी ठेवून तो पर्याय का बाद झाला ते दोन ओळींत सांगा. काम देणाऱ्याला तुमची विचार करायची पद्धत कळते आणि भरवसा तिथेच बसतो. (ग्राहकाची परवानगी मात्र आधी घ्या.)

इन्स्टाग्राम, बिहान्स (डिझायनर-चित्रकारांनी आपलं काम मांडायची वेबसाइट) जरूर वापरा, पण तिथे कुणाला काय दिसेल ते अल्गोरिदम ठरवतो. स्वतःची वेबसाइट हवीच.

माझा सगळ्यात जास्त भर थेट ईमेलवर आहे. ज्यांचं काम मनापासून आवडतं त्या प्रकाशनाच्या कला-संपादकाला नावानिशी लिहा. दोन-तीन चित्रं, एक लिंक, बस्स. उत्तर आलं नाही तर काही आठवड्यांनी नवं काम घेऊन पुन्हा लिहा. त्यात संकोच कसला? नवे चित्रकार शोधणं हा त्यांच्या कामाचाच भाग असतो.