गेटच्या आतला अपघात आणि 'नॉनट्रॅफिक'चा घोळ

प्रश्न: माझे मिस्टर चाकणला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत. प्लांट मोठा आहे म्हणून स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत सगळे सायकलनेच जातात. तीन आठवड्यांपूर्वी आतल्याच रस्त्यावर ट्रेलर वळताना मागचं चाक त्यांच्या डाव्या पायावरून गेलं. हाड एकच मोडलं, कातडी पण थोडीच फाटली, आम्हाला वाटलं थोडक्यात निभावलं. पण पाचव्या दिवशी पोटरी काळी पडायला लागली, डॉक्टरांनी ती कातडी काढली आणि आता मांडीची लावणार म्हणतायत. हॉस्पिटलचं काही चुकलं का? आणि माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेमच्या कागदावर 'व्ही १४.०, नॉनट्रॅफिक' लिहिलंय, ते बघून त्यांचे सुपरवायझर म्हणतात हा रोड अपघात नाहीच, पोलिसांत काही होणार नाही, 'आमची तक्रार नाही' असं लिहून सही देऊन टाका. देऊ का?
— एक वाचक, भोसरी

उत्तर: ताई, सही देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

तो नंबर म्हणजे आजार आणि इजांची जी जागतिक यादी आहे, आयसीडी, तिच्यातला कोड. व्ही १४ म्हणजे सायकलवाल्याला ट्रक-बससारख्या जड वाहनाची धडक, आणि पुढचं .० म्हणजे सायकल चालवणारा तो स्वतः आणि अपघात सार्वजनिक रस्त्याच्या बाहेर. बस, एवढंच. कुठे झालं ते सांगतो, चूक कुणाची याच्याशी त्या कोडचा काही संबंध नाही, सुपरवायझर साहेबांनी त्यातून भलताच अर्थ काढलाय (किंवा सोयीचा).

आता पाय. तुम्ही सांगताय त्यावरून हॉस्पिटलचं चुकलं असं वाटत नाही. टायर फिरत फिरत अंगावरून जातो तेव्हा कातडी आणि चरबी खालच्या स्नायूपासून ओढली जाते, हातमोजा सोलावा तशी, म्हणूनच त्याला डीग्लव्हिंग म्हणतात. कातडीला रक्त देणाऱ्या बारीक नसा आतल्या आत तुटतात आणि वरून पहिल्या दिवशी सगळं ठीक दिसतं. मग चार-पाच दिवसांनी ती मरते, काळी पडते, काढावीच लागते, आणि मोकळ्या जागेवर ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडची कातडी लावायची. ग्राफ्टनंतर पाय खाली लोंबकळत ठेवू देऊ नका, आणि तंबाखू-सिगारेट असेल तर पूर्ण बंद, ग्राफ्ट धरत नाही त्याने. कातडी काढलेल्या मांडीची जखम पायापेक्षा जास्त दुखते, त्याला घाबरू नका.

वेग कमी होता असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. यार्डात ट्रेलर चालत्या माणसाच्या वेगाने जातो हे खरं, पण इथे वेग नाही, वजन मारतं. आणि वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आत कापतात, म्हणजे डाव्या वळणावर डावीकडचा सायकलवाला बरोबर त्यांच्या वाटेत. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला, त्याला तो दिसतही नाही. त्यामुळे एकट्या ड्रायव्हरला धरून मोकळं होण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, सायकली आणि ट्रेलर एकाच पट्ट्यातून सोडले कुणी, वळणावर सिग्नलमन का नव्हता, हे विचारा.

पोलिसांचं म्हणाल तर बेदरकार ड्रायव्हिंगचं भारतीय न्याय संहितेतलं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यापुरतं आहे, पण निष्काळजीपणाने इजा केल्याचं १२५ गेटच्या आतही लागतं. हॉस्पिटलने एमएलसी (अशा अपघाताची पोलिसांसाठीची नोंद) केली असेल, तिचा नंबर घ्या. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापत असतील तर रजेच्या काळात पगाराच्या साधारण ९० टक्के रक्कम मिळते, कॉन्ट्रॅक्टवाल्यालाही, त्यासाठी कंपनीने ईएसआयला पाठवलेल्या अपघात रिपोर्टची कॉपी मागा, तोंडी 'पाठवला' चालणार नाही. ट्रेलर बाहेरच्या ट्रान्सपोर्टरचा असेल तर वकील गाठा. मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने १९८८ मध्येच म्हटलंय की खासगी जागेत लोकांना प्रवेश असेल, भले गेटवर अडवून सोडत असतील, तरी मोटार वाहन कायद्यापुरती ती सार्वजनिक जागा धरता येते. तुमच्या प्लांटला ते बसतं का हे वकील कागद बघून सांगेल, पण या कायद्याखाली भरपाईच्या क्लेमची मुदत अपघातापासून सहा महिने आहे, त्यातले तीन आठवडे गेले.

प्रश्न: आमच्या सोसायटीत रोज चार टँकर येतात. काल एक रिव्हर्स घेताना नातवाच्या सायकलला लागला, तो हँडलवर पोटावर पडला. नऊ वर्षांचा आहे. खरचटलं पण नाही, फक्त एक गोल वळ आहे आणि रात्री जेवला नाही. दाखवायला हवं का?
— एक आजोबा, सिंहगड रोड

उत्तर: काका, हे वाचायला थांबू नका म्हणून तुम्हाला फोनवर कळवलंच, बाकीच्यांसाठी लिहितो. गोल वळ म्हणजे हँडलचं टोक सरळ पोटात रुतलंय. अशा माराने प्लीहा, लिव्हर, स्वादुपिंड फाटू शकतं आणि मूल सुरुवातीला खेळत असतं, त्रास कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. जेवण नको, उलटी, खांदा दुखणं, चेहरा पांढरा पडणं, यातलं काही असेल तर लगेच सर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये, पेनकिलर देऊन घरी झोपवायचं नाही. गाडी नसेल तर १०८. टँकरवाल्याला रिव्हर्स घेताना मागे माणूस उभा केल्याशिवाय गेटमधून आत सोडू नका, आणि मुलांच्या हँडलच्या टोकाची रबरी ग्रिप फाटली असेल तर आजच बदला, उघडी लोखंडी नळी पोटात पंचसारखी घुसते.