फ्रेंच कनेक्शनमधला तो पाठलाग अजूनही का अंगावर येतो

द फ्रेंच कनेक्शन (1971) मधल्या त्या गाडी आणि ट्रेनच्या पाठलागाबद्दल तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे ते सगळं खरंच परवानगी न घेता शूट केलं होतं का आणि दुसरं, आज हाताशी इतकं सगळं असून तशी धडधड का होत नाही. पहिल्याचं उत्तर, बऱ्याच अंशी हो. दुसऱ्याचं जरा सविस्तर लिहितो, कारण मला विचाराल तर ते त्या पाठलागात नाहीचे, ते उरलेल्या पिक्चरमध्ये आहे. शेवटही सांगणार आहे त्यामुळे पाहिला नसेल तर आधी पाहून या.

दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन मुळात टीव्हीच्या डॉक्युमेंटरीतून आलेला माणूस. 1962 मध्ये त्याने पॉल क्रम्प नावाच्या मृत्युदंडाच्या कैद्यावर डॉक्युमेंटरी केली होती. फ्रेंच कनेक्शन करताना त्याने तीच सवय कामाला लावली, म्हणजे नटांना काय करायचं ते सांगायचं, पण कॅमेरा ऑपरेटर एन्रिके ब्राव्होला त्या तालमीत घ्यायचंच नाही. मग शॉट सुरू झाला की तो बिचारा कॅमेरा खांद्यावर घेऊन माणसांना शोधतोय, कॅमेरा इकडून तिकडे फिरवतोय, कुणीतरी मध्ये आलं की बाजूला सरकतोय. तुम्ही नीट बघा, कॅमेरा कित्येकदा अर्धा क्षण उशिरा पोचतो. आपल्याला ते कळत नाही पण जाणवतं, की पुढे काय होणार हे इथे कुणालाच माहीत नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. आजच्या पाठलागात कॅमेरा आधीच योग्य जागी जाऊन बसलेला असतो, स्फोट त्याच्यासाठी थांबलेला असतो, मग भीती कशाची वाटणार?

बजेट साधारण 18 लाख डॉलर, त्या काळाच्या स्टुडिओच्या हिशोबानेही कमीच. न्यूयॉर्कमध्ये 1970-71 च्या हिवाळ्यात खऱ्या रस्त्यांवर शूटिंग केलं, त्यामुळे तोंडातून निघणारी वाफ आणि लाल झालेली नाकं सगळी खरी आहेत. तो सीन आठवा, फ्रेंच स्मगलर शार्निए आत उबदार रेस्टॉरंटमध्ये निवांत एकेक पदार्थ खातोय आणि त्याच्या मागावर असलेला न्यूयॉर्कचा डिटेक्टिव्ह पॉपाय डॉइल (जीन हॅकमन) बाहेर थंडीत पिझ्झाचा तुकडा चावत उभा आहे, कॉफी इतकी वाईट की ओतूनच टाकतो. डायलॉग जवळपास नाहीत. पण इथून पुढे त्या माणसाच्या डोक्यात काय शिजतंय ते आपल्याला कळत जातं, आणि हे नसतं तर पुढचा पाठलाग म्हणजे नुसती गाडी पळवणं झालं असतं.

गोष्ट हेरॉइन तस्करीच्या खऱ्या केसवरची आहे, 1961-62 ची. डिटेक्टिव्ह एडी इगन आणि सनी ग्रोसो यांनी त्यावर काम केलं, रॉबिन मूरने पुस्तक लिहिलं. हे दोघेही पोलीस पिक्चरमध्ये आहेत, इगन तर स्वतःवरच बेतलेल्या डॉइलचा वरिष्ठ झालाय. जीन हॅकमनला डॉइल मनापासून आवडत नव्हता, त्याचं ते मारणं, वर्णद्वेषी बोलणं त्याला जड जायचं, सुरुवातीला तर सोडून जाण्यापर्यंत गोष्ट गेली होती. मला वाटतं ती अस्वस्थता पडद्यावर उतरलीये, म्हणूनच डॉइल कधी लाडका हिरो होत नाही. हॅकमनला ऑस्कर मिळालं ते योग्यच मिळालं. आणि शार्निए झालेला फर्नांदो रे तर चुकून आला, फ्रीडकिनच्या मनात दुसराच स्पॅनिश नट होता, फ्रान्सिस्को राबाल, नावांचा घोळ झाला आणि विमानातून हे दाढीवाले सभ्य गृहस्थ उतरले. त्या घोळामुळे पिक्चरचं सोनं झालं, कारण रांगडा पोलीस आणि रुबाबदार गुन्हेगार ही जोडी त्यातूनच जमली.

आता पाठलाग. डॉइलवर गोळ्या झाडणारा शार्निएचा मारेकरी ट्रेनमध्ये चढून पळतो आणि डॉइल खालून गाडीने त्याच्या मागे लागतो. खऱ्या केसमध्ये असं काही घडलंच नव्हतं. निर्माता फिलिप डी'अँटोनी, त्यानेच गाड्यांच्या पाठलागासाठी गाजलेला 1968 चा बुलिट केला होता, त्यामुळे गाडीमागे गाडी पुन्हा नको होती. मग वर उन्नत रुळांवर ट्रेन आणि खाली खांबांच्या मधून गाडी अशी कल्पना निघाली. ब्रुकलिनची वेस्ट एंड लाइन, बे फिफ्टीएथ स्ट्रीट स्टेशनपासून सिक्स्टी सेकंड स्ट्रीटपर्यंत. रेल्वेच्या अधिकाऱ्याने होकार द्यायला 40 हजार डॉलर आणि जमैकाचं एका बाजूचं तिकीट मागितलं आणि आम्ही ते दिलं, असं फ्रीडकिनने नंतर उघडपणे सांगितलंय. काही रस्ते ड्युटीवर नसलेल्या पोलिसांच्या मदतीने आवरले होते, पण सगळे नाही. सगळ्यात थरारक शॉटसाठी स्टंट ड्रायव्हर बिल हिकमनने पोंटिअ‍ॅकवर पोलिसांचा दिवा लावून ट्रॅफिकमधून 26 ब्लॉक गाडी हाणली, वेग काही वेळा ताशी 90 मैल. मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन स्वतः फ्रीडकिन, कारण बाकीच्यांना बायकापोरं होती आणि हा तेव्हा सडाफटिंग. गाडीसमोर येणारी बाबागाडीवाली बाई मात्र ठरवून आणलेली, ती स्टंटवाली आहे. एका चौकात गाडीला बसलेली धडक ठरलेली नव्हती, ती तशीच ठेवली.

इथे मला स्पष्ट सांगायचंय की हे चूक होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला आपण कुणाच्या शॉटमध्ये आहोत हे माहीतसुद्धा नव्हतं. पुन्हा असं कधीच करणार नाही असं फ्रीडकिननेही नंतर म्हटलंय. आणि काही लोक म्हणतात की धोका खरा होता म्हणून सीन खरा वाटतो, ते मला पटत नाही. त्यातला बराचसा परिणाम एडिटिंगचा आहे. हॅकमनचा गाडीतला चेहरा, वर ट्रेनमध्ये घाबरलेला मोटरमन (ट्रेन चालवणारा), पुन्हा खाली रस्ता, हे जेरी ग्रीनबर्गने असं जोडलंय की गाडी मागे पडली की आपणच पुढे सरकून बसतो, त्यालाही ऑस्कर मिळालं. शिवाय पूर्ण पाठलागात संगीत नाही. डॉन एलिसचं संगीत बाकी पिक्चरभर आहे, इथे फक्त हॉर्न, ब्रेक आणि रुळांचा खडखडाट. आणि शेवटी डॉइल जिन्यावर त्या निःशस्त्र मारेकऱ्याला पाठीत गोळी घालतो आणि स्वतः तिथेच कोसळतो, तेव्हा जिंकल्यासारखं वाटतच नाही, दम लागलेला असतो नुसता.

डॉइलचा हाच स्वभाव शेवटच्या सीनमध्ये टोकाला जातो. पडक्या इमारतीत सावली दिसली म्हणून डॉइल गोळी झाडतो आणि मरतो तो फेडरल एजंट मलडेरिग. ती भूमिका बिल हिकमनचीच आहे, पोंटिअ‍ॅक चालवणारा तोच. डॉइल क्षणभरही थांबत नाही, पुढच्या खोलीत जातो, आतून एकच गोळीचा आवाज येतो आणि पडद्यावर नुसत्या पाट्या येतात, कोण सुटलं, कुणाला किती शिक्षा. शार्निए सापडलाच नाही.

पुन्हा बघाल तेव्हा पाठलाग थेट लावू नका, सुरुवातीपासून बघा, निदान ग्रँड सेंट्रलच्या सबवेमधल्या छत्रीच्या सीनपासून तरी.