ती घड्याळाकडे बघत होती

मागच्या अंकात डेटिंगच्या रिअ‍ॅलिटी शोंबद्दल मी लिहिलं होतं की तिथे प्रेमापेक्षा संकलकाची कात्री जास्त काम करते. त्यावर बरीच पत्रं आली, काही रागावलेली. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देते आहे.

तुम्ही कात्रीचं म्हणता, पण माणसं तर खरीच असतात. रडतात तेही खरंच. मग खोटं नेमकं काय असतं?
– एक वाचक

रडणं खरं असतं. कशावरून रडू आलं, ते मात्र आपल्याला संकलनाच्या टेबलावरून सांगितलं जातं. त्या टेबलावर मी अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून एक गोष्ट सांगते. ती मी आजवर छापील शब्दांत कुठेच सांगितलेली नाही.

नवरा-बायकोंच्या गप्पांचा एक कार्यक्रम होता. एका नवऱ्याला विचारलं, लग्नानंतर तुमच्यात काय बदललं? तो काहीतरी गुळमुळीत बोलला. शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा तेव्हा कोराच होता. पण त्याआधी चाळीसेक मिनिटं, दिवे नीट करायचं काम चालू असताना, तिने ओठ आवळून मान वळवली होती आणि वर भिंतीकडे पाहिलं होतं. दीड सेकंदाचा तुकडा. कॅमेरा चालू होता म्हणून तो माझ्याकडे आला. मी तो नवऱ्याच्या उत्तरानंतर लावला. प्रसंग एकदम जिवंत झाला, सगळ्यांनी वाहवा केली.

कार्यक्रम लागल्यानंतर ती मला शोधत आली. भांडली नाही. म्हणाली, "ताई, मी तेव्हा घड्याळाकडे बघत होते. मुलाला शाळेतून आणायची वेळ झाली होती." तिच्या घरी तीन दिवस कोणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. मी तिची माफी मागितली, पण तोवर तो तुकडा सगळ्यांनी पाहिला होता.

त्या कार्यक्रमात एकही शब्द खोटा नव्हता. एक नजर तेवढी जागेवरून हलली होती.

शब्दांचंही असं करता येतं. दोन वेगळ्या वेळी बोललेली अर्धी-अर्धी वाक्यं जोडून तिसरंच वाक्य तयार करतात. या धंद्यात त्याला फ्रँकनबाइट म्हणतात. ते ओळखायची एक खूण सांगते. माणूस बोलतोय, पण ऐन महत्त्वाच्या शब्दाला चित्र त्याच्या तोंडावरून हलतं आणि पाठ, हात किंवा समोरच्याचा चेहरा दिसतो. तिथे कान टवकारा. वाक्याच्या मधेच आवाजाची पट्टी बदलली तर समजा, सांधा तिथे आहे. 'लव्ह इज ब्लाइंड' या शोमध्ये माणसं एकमेकांना न बघता, मधे भिंत ठेवून बोलतात आणि लग्न ठरवतात. त्यातले ते धातूचे सोनेरी पेले आठवा. आत पेय किती उरलंय ते दिसतच नाही. काचेचा ग्लास असता तर एका वाक्याला तो भरलेला, पुढच्याला रिकामा आणि तिसऱ्याला परत भरलेला दिसला असता, आणि तुकडे मागेपुढे केलेत हे लहान मुलानेही ओळखलं असतं. पेले कोणत्याही हेतूने निवडलेले असोत, संकलकाला त्यांचा फार उपयोग होतो.

माझी मुलगी म्हणते, या शोमधून लग्नं होतात आणि टिकतातही. तुम्हाला ते दिसत नाही का?
– एक आई

दिसतं की. तुमची मुलगी बरोबर आहे. 'द बॅचलर' अमेरिकेत 2002 साली सुरू झाला. त्यात एक तरुण अनेक मुलींना गुलाब देत देत शेवटी एकीला निवडतो. त्याच्या पहिल्याच हंगामात शेवटच्या फेरीत नाकारली गेलेली ट्रिस्टा रेन पुढच्या वर्षी 'द बॅचलरेट'मध्ये स्वतः निवड करणारी झाली. तिने रायन सटरला निवडलं, 2003 च्या डिसेंबरमध्ये लग्न केलं, आणि तो संसार वीस वर्षांच्या पुढे गेला. 'लव्ह इज ब्लाइंड'च्या पहिल्या हंगामातले लॉरेन आणि कॅमेरून हेही असंच टिकलेलं जोडपं.

मुलीला या दुसऱ्या जोडप्याबद्दल एक गोष्ट जरूर सांगा. त्यांचं लग्न झालं 2018 च्या नोव्हेंबरमध्ये आणि शो लोकांसमोर आला 2020 च्या फेब्रुवारीत. मधलं सव्वा वर्ष ते नवरा-बायको होते, पण जगाला त्याचा पत्ता नव्हता. मतं देणारं कोणी नाही, कोणाची बाजू घेणारं कोणी नाही. भिंतीपलीकडच्या आवाजाशी ठरलेलं लग्न त्यांनी त्या शांत दिवसांत निभावायला घेतलं असणार. मला तरी त्यांच्या टिकण्याचं मूळ तिथे दिसतं. शोने त्यांची गाठ घालून दिली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. पण त्या सव्वा वर्षाचा एकही भाग आपल्याला पाहायला मिळाला नाही, आणि मला हवा होता तो तोच.

तुम्ही सिनेमाचं कौतुक करता आणि शोंना नावं ठेवता. सिनेमा तर सगळाच रचलेला! हा दुजाभाव का?
– चित्रपट मंडळाचा एक सदस्य

प्रश्न रास्त आहे. हे पत्र वाचल्यावर मी 'पास्ट लाइव्हज' पुन्हा पाहिला. सेलीन साँग यांचा 2023 चा चित्रपट. सोलमध्ये एका वर्गात शिकणारी मुलगी आणि मुलगा बाराव्या वर्षी दुरावतात. बारा वर्षांनी व्हिडिओ कॉलवर बोलतात आणि परत तुटतात. आणखी बारा वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये भेटतात, तेव्हा तिचं लग्न झालेलं आहे.

शेवटी ती त्याला गाडीपर्यंत सोडायला जाते. गाडी यायची आहे. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि बोलत नाहीत. कॅमेरा हलत नाही, संगीत मदतीला धावत नाही. बघणाऱ्याला वाटतं, आता काहीतरी होणार, आता कोणीतरी बोलणार. मग गाडी येते. तो जातो. ती आल्या वाटेने परत चालत येते, नवरा पायऱ्यांवर वाट बघत असतो, आणि त्याच्या कुशीत ती रडते.

डेटिंग शोच्या टेबलावर हा प्रसंग आला असता तर ती शांतता पहिल्या झटक्यात गेली असती. मीच कापली असती, तेव्हा मला तसंच शिकवलं होतं. दोन भुवया, एक आवंढा, सूर चढवलेलं संगीत, की पुढचं दृश्य.

आता गंमत बघा. ती नायिका आणि तिचा बालमित्र यांच्या नटांना दिग्दर्शिकेने बजावलं होतं की पडद्यावरच्या मिठीपर्यंत एकमेकांना हात लावायचा नाही. नवरा झालेला नट आणि बालमित्र झालेला नट यांची तर भेटच होऊ दिली नव्हती. गोष्टीत ते दोघं पहिल्यांदा भेटतात, तेव्हाच ते खरोखर पहिल्यांदा भेटले. म्हणजे रचलेल्या सिनेमाने एक खरी भेट जपून ठेवली आणि ती पूर्ण वेळ दाखवली. शोवालेही माणसांना भिंतीआड ठेवतात, भेट जपतात, पण भेट झाली की तिचे तुकडे करतात. माझा आक्षेप रचण्याला नाहीच. वेळेला लावलेल्या कात्रीला आहे.

म्हणून याच दिग्दर्शिकेचा 2025 चा 'मटेरियालिस्ट्स' मला तेवढा पटला नाही, हेही सांगून टाकते. नायिका जोड्या जुळवून देणाऱ्या कंपनीत काम करते. लोक तिच्याकडे उंची, पगार, वय यांची यादी घेऊन येतात, ते भाग अस्सल आहेत. साँग यांनी स्वतः काही महिने हे काम केलं होतं, ते जाणवतं. पण शेवटी नायिकेचं मन फार चटकन वळतं. आधीच्या चित्रपटात थांबायला शिकवलं होतं, इथे मला पुरेसं थांबू दिलं नाही.

एका शोमधल्या मुलीचा आम्हा मैत्रिणींना फार राग येतो. आम्ही तिच्याबद्दल वाट्टेल ते लिहितो. प्रसिद्धी तिनेच निवडली ना? मग एवढं सहन करायला हवं.
– कॉलेजमध्ये शिकणारी वाचक

तुझ्या पत्रातला मोकळेपणा मला आवडला, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते.

जपानमध्ये 'टेरेस हाउस' नावाचा शो होता. एका घरात तीन मुली आणि तीन मुलगे, बाकी आरडाओरडा नाही, कोणाला बाहेर काढणं नाही. हाना किमुरा ही कुस्तीगीर त्यात होती. कुस्तीचा तिचा खास पोशाख धुण्याच्या यंत्रात राहिला. घरातल्या एका मुलाने न बघता आपल्या कपड्यांबरोबर तो धुतला, वाळवला, आणि पोशाख आटला. ती चिडली, त्याला बोलली, त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली. बस, एवढंच. असं भांडण भावंडांत कुठल्याही घरात होतं आणि संध्याकाळपर्यंत विसरलंही जातं. पण हे सगळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर तिच्यावर शिव्यांचा पाऊस सुरू झाला. 2020 च्या मे महिन्यात तिने आयुष्य संपवलं. ती बावीस वर्षांची होती.

शो बंद झाला. हानाच्या आईने लढा दिला. 2022 मध्ये जपानने अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवली, आता त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ब्रिटनमध्येही 2021 पासून सहभागी लोकांची काळजी घेण्याचा नियम वाहिन्यांना लागू आहे. तिथल्या 'लव्ह आयलंड' या डेटिंग शोने 2023 पासून स्पर्धक आत असताना त्यांची समाजमाध्यमांवरची खाती बंदच ठेवायला लावली.

हे सगळं नंतर झालं. तू ज्या मुलीबद्दल लिहितेस तिचं तू काय पाहिलं आहेस? तिच्या कित्येक तासांतली काही मिनिटं, तीही माझ्यासारख्या कोणीतरी निवडलेली. तिने शो निवडला हे खरं. तिचे कोणते दीड सेकंद दाखवायचे, हे तिने निवडलं नाही. तू लिहिलेलं आज रात्री पुसून टाक. मैत्रिणींनाही सांग, आणि त्या ऐकत नसतील तर हे पान त्यांना दाखव.

मी एकसष्ट वर्षांची आहे. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. हे शो बघताना वाटतं, आपणही कोणाला तरी भेटावं. एका गृहस्थांशी फोनवर बोलणं चालू आहे. हे लिहितानाही संकोच वाटतो.
– एक वाचक

संकोच करू नका. सगळ्या पत्रांत मला तुमचंच सगळ्यात आवडलं.

'द गोल्डन बॅचलर', म्हणजे 'द बॅचलर'चाच ज्येष्ठांसाठीचा अवतार, तुम्ही पाहिला असेल. बहात्तर वर्षांचे विधुर गेरी टर्नर आणि सत्तरीच्या थेरेसा निस्ट, त्याही विधवा. 2024 च्या जानेवारीत त्यांचं लग्न टीव्हीवर थेट दाखवलं. मीही डोळे पुसत पाहिलं. एप्रिलमध्ये दोघांनी शेजारी बसून सांगितलं की आम्ही घटस्फोट घेतोय. कारण फार साधं दिलं. दोघांची मुलं-नातवंडं वेगवेगळ्या राज्यांत, आणि राहायचं कुठे ते ठरेना. मला दोघांचाही राग आला नाही. पण इतक्या भागांत, इतक्या गुलाबांत आणि सूर्यास्तांत हा प्रश्न नीट बोलला गेलेला मला आठवत नाही. या वयात तो पहिला प्रश्न असतो. घर, औषधं, मुलांचे फोन, आपली रोजची खुर्ची, यातलं कोण काय सोडणार?

तुम्ही तो दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच विचारा. सरळ विचारा. आणि ते लगेच उत्तर देऊ शकले नाहीत तर घाई करू नका, त्यांना गप्प राहू द्या, तुम्हीही राहा. तिथे कापायला कोणी बसलेलं नाही.

भेट झाल्यावर मला लिहा. छापायला नको, मला वाचायला हवं आहे.