नळ सगळे बंद, तरी रात्री प्रेशर पंप आपोआप सुरू होतो. पंप बदलावा का?

तुमच्या प्रश्नातलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नागपुरात मनीषनगरला दोन मजली घर, गच्चीवर टाकीच्या खाली प्रेशर पंप, बाजूला 24 लिटरचा प्रेशर टँक (आत रबराच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबलेली हवा). बोअरचं पाणी. एप्रिलपासून रात्री सगळे झोपल्यावर, एकही नळ उघडा नसताना, दर दहा-पंधरा मिनिटांनी पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि थांबतो. प्लंबर म्हणतो, पंप गेला, नवा टाका.

नका टाकू भाऊ. नवा आणून लावला तरी पहिल्याच रात्री तोही असाच सुरू होऊन राहील. मी पंप दुरुस्तीच्या धंद्यात आहे, नवा पंप विकला तर मला दोन पैसे जास्तच मिळतात, तरी सांगतो.

घरातला नळ उघडा आहे की बंद, हे पंपाला कळतच नाही. त्याला चालू-बंद करतो तो प्रेशर स्विच, आणि त्याला फक्त लाइनीतलं प्रेशर कळतं. घरगुती पंपात सहसा दीड बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) आसपास चालू आणि पावणेतीन-तीन बारच्या आसपास बंद, असं सेटिंग असतं. रात्री पंप सुरू झाला म्हणजे प्रेशर दीडच्या खाली आलं, एवढाच त्याचा अर्थ. ते का आलं, हे शोधायचं.

तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांत बरंच काही आहे. 24 लिटरच्या टँकमध्ये हवा बरोबर भरलेली असेल, तर प्रेशर 2.8 वरून 1.5 बारवर येईपर्यंत सात-साडेसात लिटर पाणी बाहेर पडतं. पंप मिनिटाला 30 लिटर पाणी देत असेल, तर तेवढं परत भरायला पंधरा सेकंद लागायला हवेत. तुमचा दोन-तीन सेकंदांतच थांबतो. म्हणजे टँकमधली हवा बहुतेक गेलेली आहे आणि दरवेळी जेमतेम लिटर-सव्वा लिटर पाण्याची उलाढाल होते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, म्हणून हवा कमी झाली की थोडंसं पाणी गेलं तरी प्रेशरचा काटा धाडकन खाली येतो.

आता दुसरा आकडा. दर दहा-पंधरा मिनिटांनी लिटर-सव्वा लिटर, म्हणजे तासाला पाच-सहा लिटर कुठेतरी जातं आहे. हे गळक्या नळाचं काम नाही. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसभरात दहा-बारा लिटरच जातात. तेव्हा नळांचे वॉशर बदलत बसू नका. एवढं पाणी नेणारे मुख्य तिघे : संडासचा फ्लश, पंपाजवळचा एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), आणि आपल्या नागपुरात तिसरा, कूलर.

एप्रिलपासून सुरू झालं असं तुम्ही लिहिलं, तिथेच मला कूलरची शंका आली. तुमचा कूलर फ्लोटवर आहे का? पाइप जोडून आत बॉल कॉक (तरंगत्या गोळ्याने उघडणारा-बंद होणारा नळ) बसवलेला असेल, तर रात्रभर ताट्यांमधून (कूलरच्या ओल्या जाळ्यांमधून) जेवढं पाणी उडतं तेवढं तो गुपचूप लाइनीतून ओढत असतो. पारा 45 च्या घरात असताना मोठा डेझर्ट कूलर तासाला पाच लिटर सहज पितो. सगळे नळ बंद असतात, पण हा एक नळ आपल्या डोळ्यांआड अर्धवट उघडाच असतो. आज रात्री कूलरच्या पाइपाचा कॉक बंद करा, कूलर बादलीने भरा, आणि पंप किती वेळा बोलतो ते ऐका. शांत झाला, तर गळती नव्हतीच. टँकमध्ये हवा भरली की पंप कूलरसाठी तासा-दीड तासाने एकदा, पंधरा सेकंद चालेल, आणि ते अगदी बरोबर आहे.

कूलरचा कॉक बंद करूनही सुरूच राहिला, तर पंपाच्या प्रेशर गेजकडे जा. पंपाला प्रेशर भरू द्या, स्वतःहून बंद पडला की एमसीबी (पंपाच्या विजेचा मेन स्विच) पाडा, आणि पंपातून घरात जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करा. पंधरा मिनिटं काटा पाहा. जागेवर राहिला, तर पाणी घरात जातं आहे. तरीही खाली सरकला, तर घराला दोष देऊ नका, पाणी पंपाच्याच बाजूला जातं आहे. मग टाकीतून पंपाला येणारा व्हॉल्व्हही बंद करा आणि गेजवर प्रेशर शिल्लक नसेल तर आधी परत भरून घेऊन पुन्हा तेच पाहा. आता काटा थांबला, तर एनआरव्ही नीट बसत नाही आणि पाणी उलटं टाकीत चाललं आहे. बोअरच्या जड पाण्यात हे फार होतं, त्याच्या सीटवर पांढरा थर जमतो. काटा तरीही पडत असेल, तर पंपाखाली बोट फिरवा. ओलं लागलं तर शाफ्टचं सील गेलं आहे, कोरडं असेल तर टँकचे आणि युनियनचे (पाइप खोलता येणारे) जोड पाहा. एक मात्र लक्षात ठेवा : एमसीबी उचलायच्या आधी टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडायचाच. कोरडा पंप चालला की चांगलं सीलही जळतं, आणि मग प्लंबरचं म्हणणं खरं ठरतं.

पाणी घरात जात असेल तर आधी फ्लश. फ्लशच्या टाकीत कपड्यांची नीळ चमचाभर टाका, अर्धा तास कोणी फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं, तर तळाचं रबर गेलं. नीळ न टाकताही एक खूण दिसते : टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या काठावरून आत सांडत असेल, तर वरचा फ्लोट बंद होत नाही. दोन्ही सामान इतवारीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. जुना तुकडा सोबत न्या, नाहीतर दोन चकरा ठरलेल्या. फ्लश ठीक निघाला तर बाथरूमचे अँगल कॉक (भिंतीतले छोटे कॉक) एकेक करून बंद करत जा, ज्याच्यानंतर पंप शांत झाला तिथे पाणी जातं आहे. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी आणि आरओची ड्रेनची नळी ही दोन्ही पाहून घ्या. टाकी भरल्यावरही ड्रेन वाहत राहणारे आरओ मी भरपूर पाहिले आहेत.

गळती सापडो न सापडो, टँकची हवा तुम्हाला भरावीच लागेल. आधी बोटाच्या पेराने टँकवर टकटक करा. जिथे हवा आहे तिथे पोकळ वाजतं. वरपासून खालपर्यंत सगळा बद्द वाजला, तर आत पाणीच आहे. मग एमसीबी बंद, टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद, आणि खालचा एक नळ उघडा ठेवून लाइन रिकामी करा. टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर वरचं पाणी येतच राहतं, प्रेशर शून्य होत नाही आणि हवेचं माप चुकतं. टँकच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, ती काढली की आत गाडीच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह दिसतो. त्याची पिन क्षणभर दाबा. पाणी उडालं, तर आतलं रबर फाटलं आहे, ते बदला. पंपाच्या किमतीपुढे ते काहीच नाही. फुस्स झालं किंवा काहीच आलं नाही, तर नळ उघडाच ठेवून टायरच्या पंपाने हवा भरा. चालू होण्याच्या प्रेशरपेक्षा 0.2 बार कमी ठेवायची. तुमचं दीड असेल तर 1.3 बार, टायरच्या गेजवर साधारण 19 पीएसआय. जास्त भरली तर नळ उघडल्यावर पंप सुरू व्हायच्या आत पाण्याला झटका बसतो. ही हवा वर्षाकाठी एकदा तपासायची असते. कोणी तपासत नाही, म्हणून आमचा धंदा चालतो.

नवतपाच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या) दिवसांत आणखी एक प्रकार होतो. गच्चीवरून उघड्या गेलेल्या पाइपातलं पाणी दिवसा कडक तापतं आणि रात्री निवतं. पाणी 50 अंशांवरून 30 वर आलं की जवळपास पाऊण टक्का आकसतं. टँकमध्ये हवा असेल तर हा फरक कळतही नाही. हवा नसेल तर तेवढ्यानेच प्रेशर पडून पंप रात्री एखाद-दोनदा वाजतो, घरात एक थेंब गळत नसताना. दर दहा मिनिटांनी मात्र यामुळे होणार नाही.

प्रेशर स्विचचे स्क्रू मात्र फिरवू नका. बहुतेक जण पहिला हात तिथेच घालतात. स्विचचं झाकण उघडलंच तर एमसीबी पाडून उघडा, आत मुंग्या किंवा पाल मरून पडली आहे का ते पाहा, आणि स्विचकडे जाणारी बारीक नळी क्षाराने बुजली असेल तर साफ करून घ्या.

हे सगळं पंप टाकीच्या पुढे आहे असं धरून लिहिलं. महापालिकेच्या नळाला थेट टिल्लू (पाणी ओढणारा छोटा पंप) लावलेला असेल तर विषयच वेगळा, त्याला परवानगी नाही, पंप जप्त होतो.

तोवर झोपमोड होत असेल तर रात्री एमसीबी पाडून झोपा. बहुतेक पंपांतून टाकीचं पाणी उताराने तसंही खाली येतं, फक्त धार बारीक असेल. कूलर मात्र झोपायच्या आधी भरून ठेवा. कॉक बंद केल्यावर आणि गेज पाहिल्यावर काय दिसलं ते इथेच लिहा. एनआरव्ही बदलायची वेळ आली तर पितळी घ्या आणि त्याच्यावरचा बाण पंपातून पाणी ज्या दिशेला जातं तिकडे ठेवून बसवा. उलटा बसला तर पाणीच येणार नाही.