ग्दान्स्कच्या मध्यवस्तीतील जुनी घरे खरोखर जुनी आहेत का?

आपण विचारले आहे की, बाल्टिक समुद्राकाठच्या ग्दान्स्क या पोलिश बंदराच्या मध्यवस्तीतील देखणी घरे जर दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने बांधलेली असतील, तर त्यांना ऐतिहासिक वास्तू म्हणावे की नुसता देखावा, आणि हाताशी एकच दिवस असेल तर तेथे नेमके काय पाहावे. नोकरीच्या निमित्ताने मी सुमारे दोन वर्षे त्या शहरात राहिलो आणि पहिले काही महिने हाच प्रश्न माझ्याही मनात होता. रस्त्यावरून दिसणाऱ्या बहुतेक भिंती युद्धानंतरच्या आहेत, ही गोष्ट खरी आहे. पण म्हणून त्या खोट्या ठरतात, हे मला आता अजिबात मान्य नाही.

पर्यटक ज्याला ‘जुने शहर’ म्हणतात, त्या भागाचे स्थानिक नाव ‘ग्वूव्ने म्यास्तो’, म्हणजे मुख्य शहर, असे आहे. ‘जुने शहर’ या नावाचा भाग त्याच्या उत्तरेला वेगळाच आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून 1793 पर्यंत हे बंदर पोलंडच्या राजाच्या छत्राखाली, पण बरेचसे स्वतःच्या कारभाराने चालत होते. विस्तुला नदीतून पोलंडचे गहू आणि राय नावाचे धान्य येथे उतरत आणि येथून जहाजांनी ॲम्स्टरडॅमकडे जात. त्या व्यापाराच्या पैशातून नेदरलँड्सकडील वास्तुकार आणि शिल्पी येथे आले, आणि अरुंद जागेवर उंच, रस्त्याकडे त्रिकोणी माथा केलेली, तीन खिडक्यांच्या रुंदीची घरे उभी राहिली. मार्च 1945 मध्ये सोव्हिएत सैन्याने शहर घेतले, तेव्हा बॉम्ब, तोफा आणि आगी यांमुळे या भागाचा फार मोठा हिस्सा राडारोड्याचा ढीग होऊन पडला होता.

त्यानंतर काही वर्षे मोठा वाद झाला. अवशेष तसेच ठेवावेत, जागा मोकळी करून आधुनिक शहर वसवावे, की जुने रूप परत आणावे, अशी वेगवेगळी मते होती. अखेर जे ठरले ते शेवटच्या दोन मतांचे मिश्रण होते. दर्शनी भाग जुनी चित्रे, छायाचित्रे आणि मोजमापे पाहून परत उभारायचे, मात्र आत कामगारांसाठी सरकारी घरकुले बांधायची. हे समजून घ्यायचे असेल तर द्वुगा या मुख्य रस्त्यावरून चालताना एखाद्या कमानीतून मागच्या बाजूला जावे. माझे तेथे पहिल्यांदा जाणे पावसामुळे झाले. समोर नक्षीदार माथ्यांची तीन स्वतंत्र घरे होती. मागे गेलो तेव्हा दिसले की, तिन्हींना मिळून एकच साधा जिना आहे, भिंतींना करडा गिलावा आहे, दोऱ्यांवर कपडे वाळत आहेत आणि गवतावर लहान मुलांचा झोपाळा आहे. युद्धापूर्वी याच जागेत मागच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि तेथे ऊन पोहोचणे कठीण होते. पुनर्बांधणी करणाऱ्यांनी त्या मुद्दाम उभारल्या नाहीत, कारण तेथे राहायला येणाऱ्या कुटुंबांना हवा आणि उजेड मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. नुसता देखावाच करायचा असता, तर मागच्या अंगणाचा एवढा विचार कोणी केला नसता, असे मला वाटते.

यात एक गोष्ट मात्र मनाला टोचते आणि ती आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. 1793 नंतर हे शहर प्रशियाकडे गेले आणि पुढे ‘डान्झिग’ या नावाने जर्मन शहर म्हणून वाढले; त्या दीडशे वर्षांत घरांमध्ये जे बदल झाले, ते पुनर्बांधणीत बहुतांशी गाळले गेले. फ्लेमिश, डच आणि इटालियन धाटणीवर भर दिला गेला, जर्मन काळ पुसट झाला. युद्धात होरपळलेल्या लोकांच्या बाजूने पाहिले तर याचे कारण कळते, पण शहराच्या आयुष्यातला एक मोठा कालखंड रस्त्यावरून नाहीसा झाला, हेही तितकेच खरे आहे. जर्मन रहिवासी निघून गेले किंवा घालवले गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांत पोलंडच्या पूर्वेकडील, सोव्हिएत संघात गेलेल्या प्रदेशातून उखडलेली अनेक कुटुंबे होती. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात जे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, तेही प्रामुख्याने त्याच पूर्व प्रदेशातले होते. त्यामुळे कोल्हापूरकडच्या वाचकांना ही कहाणी फार परकी वाटू नये.

आता मुळात जुने काय आहे, ते सांगतो. सेंट मेरी हे विटांचे प्रचंड चर्च 1343 मध्ये सुरू होऊन 1502 मध्ये पूर्ण झाले. त्याची लांबी 105 मीटर आहे. 1945 च्या आगीत त्याचे लाकडी छप्पर जळाले आणि चौदा मोठी कमानी छते कोसळली, पण भिंती आणि खांब मोठ्या प्रमाणात टिकले. आजचे छप्पर प्रबलित काँक्रीटवर तोललेले आहे. मोत्वावा नदीकाठची यारी, म्हणजे ‘जुराव’, 1444 मध्ये तयार झाली. तिच्या आतील मोठ्या चाकांत माणसे चालत असत आणि त्या बळावर माल व जहाजांच्या डोलकाठ्या उचलल्या जात. तिचा लाकडी भाग युद्धानंतरचा आहे, विटांच्या बुरुजांत मात्र जुने अवशेष आहेत.

मारियाच्का ही गल्ली मला सर्वांत प्रिय आहे. तेथे प्रत्येक घरापुढे दगडी ओटा आहे. त्याला पोलिश भाषेत ‘पशेद्प्रोजे’ म्हणतात. चार-पाच पायऱ्या चढून ओट्यावर यायचे, मग घराचे दार, आणि ओट्याखाली तळघराची वाट, अशी ही रचना आहे. आपल्याकडच्या ओट्यासारखीच ही घर आणि रस्ता यांच्यामधली जागा आहे. कठड्यांच्या कोरीव शिळांपैकी बऱ्याच राडारोड्यातून वेचून काढून पुन्हा बसवल्या आहेत. जवळून पाहिल्यास जुन्या शिळेची झिजलेली कड आणि तिच्या शेजारच्या नव्या दगडाची धारदार कड यांतला फरक बोटांना जाणवतो. पावसात छपरावरचे पाणी राक्षसमुखी दगडी पन्हळींतून थेट फरसबंदीवर पडते. दुपारी अंबर, म्हणजे अश्मीभूत राळेचे पिवळसर खडे, विकणाऱ्या दुकानांमुळे गर्दी होते, म्हणून सकाळी आठपूर्वी जावे.

वेळ कमी असेल तर नेपच्यूनच्या कारंज्याजवळ छायाचित्रे काढण्यात फार रमू नये; शेजारच्या आर्तुस सभागृहात सोळाव्या शतकातली, सुमारे साडेदहा मीटर उंच टाइल्सची शेगडी आहे, ती पाहावी. ती युद्धकाळातच सुटी करून हलवली होती आणि 1995 मध्ये पुन्हा उभी राहिली. त्यानंतर पलीकडच्या नगरभवनात वर जावे. तेथील ‘लाल दालना’चे कोरीव लाकूडकाम आणि चित्रे युद्ध शहराच्या वेशीवर येण्याआधी उतरवून दूर लपवण्यात आली होती, त्यामुळे भोवतालची इमारत पोळून निघाली, तरी दालनाचा साज मूळचा राहिला. छताच्या मध्यभागी इसाक व्हान डेन ब्लोके याने 1608 मध्ये काढलेले अंडाकृती चित्र आहे: कमानीच्या माथ्यावर सारे शहर, खाली विस्तुला नदी आणि तिच्यावरचे तराफे, आणि सर्वांत खाली एका पोलिश सरदाराशी हस्तांदोलन करणारा ग्दान्स्कचा व्यापारी. ते चित्र नीट पाहायला मान बरीच वर करावी लागते, म्हणून भिंतीकडेच्या बाजूला सरकून उभे राहावे आणि घाई करू नये.